अगस्तीच्या वाटेवरून माघारी

त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपुराकडे निघते तेव्हा आमच्या नाशकात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नाही. कुणी राजगिऱ्याचे लाडू वाटतो, कुणी वारकऱ्यांचे पाय चेपतो, शाळेतल्या मुली डोक्यावर तुळस घेऊन उभ्या असतात. मग आषाढी होते, गोपाळकाला होतो आणि तीच पालखी माघारी निघते. ती केव्हा आली, कोणत्या रस्त्याने आली, हे शेजाऱ्याला विचारावे तर तो आपल्याच तोंडाकडे बघत राहतो. वारकऱ्यांनी मात्र या परतीला वेगळे नाव देऊन ठेवले आहे : परतवारी. परतवारीला माणसे थोडी, दिवसाची मजल लांब आणि चाल भरभर. एका वारकरी आजोबांनी मला एकदा सांगितले होते, "जाताना पांडुरंग ओढून नेतो बाई, येताना आपले आपल्यालाच चालावे लागते."

प्रवासाच्या पुस्तकांचेही असेच आहे. शिखर सर झाले, झेंडा रोवला, की लेखकाच्या दौतीतली शाई आटते. पुढचा सारा प्रवास दीड पानात उरकायचा! मराठीत याला एक ठसठशीत अपवाद आहे, तो विष्णुभट गोडशांचा. सत्तावनच्या धामधुमीत सापडलेला हा वरसईचा भिक्षुक लुटला गेला, मरता मरता वाचला. पण त्याचा 'माझा प्रवास' झाशीला संपत नाही. गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो कोकणात परत येतो, आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो, तेव्हा कुठे त्याचा प्रवास पुरा होतो. वर्गात हे पुस्तक शिकवताना मुले झाशीच्या लढाईवर खूश असतात. मला स्वतःला ती कावडच अधिक आवडते.

हे सगळे आठवायचे कारण असे की, गेले काही महिने मी आपल्या देशाच्या अंटार्क्टिका मोहिमांविषयी मिळेल ते वाचते आहे. मराठीच्या बाईंनी बर्फाच्या उठाठेवी कशाला कराव्यात, असे आमच्या घरीही विचारून झाले आहे. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकू लागली. बोट गेली कशी, किनाऱ्याला भिडली कशी, तिरंगा फडकला कसा, हे सगळीकडे तपशीलवार सापडते. बोट परत आली कशी, याला जेमतेम एक ओळ. 'आणि २१ फेब्रुवारी १९८२ रोजी मोहीम गोव्यास परतली.' झाले! त्या एका ओळीत सुमारे महिन्याभराचा समुद्र आहे.

आधी हिशेब सांगते. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून निघाली. बोटीचे नाव 'पोलर सर्कल'. ती नॉर्वेकडून भाड्याने घेतलेली. सदस्य एकवीस, नेते डॉ. सय्यद झहूर कासिम. हे सागरजीवशास्त्रज्ञ, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक. निघताना फारसा गाजावाजा नव्हता. मुद्दामच ठेवला नव्हता. ९ जानेवारी १९८२ रोजी मंडळी बर्फावर उतरली आणि मग देशाला बातमी कळली. प्रत्यक्ष बर्फावरचा मुक्काम दहाएक दिवसांचा. एकूण मोहीम सत्त्याहत्तर दिवसांची. म्हणजे ज्याला आपण अंटार्क्टिकाची मोहीम म्हणतो तिचा बहुतेक सगळा काळ पाण्यावर गेला आणि त्यातला जवळजवळ अर्धा घराकडे तोंड करून गेला. गोवे उत्तर अक्षांश पंधराच्या आसपास, मोहीम उतरली ती दक्षिण अक्षांश सत्तरच्या आसपास. वाकडीतिकडी वाट सोडून सरळ रेघ ओढली तरी अंतर दहा हजार किलोमीटरांच्या वर भरते. ताशी बारा सागरी मैलांनी चालणाऱ्या बोटीला कुठेही न थांबता वीस दिवस लागावेत. आणि या मोहिमा तर वाटेत थांबून समुद्राचे पाणी तपासत, जाळ्या टाकत जातात-येतात.

आता या वाटेवर बोटीत बसलेल्या माणसाला काय काय भेटते ते पाहू.

पहिली भेटते ती रात्र. सत्तर अक्षांशावर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. क्षितिजाच्या कडेकडेने तो फिरत राहतो, थोडा खाली येतो, पुन्हा वर चढतो. मध्यरात्री उन्हात उभे राहायचे आणि झोपताना खिडकीला जाड कापड लावायचे! बोट उत्तरेकडे सरकू लागली की चार-दोन दिवसांत सूर्य थोडा वेळ बुडी मारतो. आधी नुसता संधिप्रकाश, मग करडा अंधार, मग एके दिवशी खरीखुरी काळी रात्र. लोकमान्य टिळकांनी 'आर्क्टिक होम इन द वेदाज' या १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ऋग्वेदातील लांबलचक उषेवरून आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ ठरवले. त्यांचा सिद्धान्त आज विद्वान मानत नाहीत. पण ध्रुवप्रदेशातील पहाट कशी रेंगाळत असेल याची कल्पना पुण्यात बसून मराठी वाचकाला पहिल्यांदा त्यांनीच करून दिली, हे त्यांचे ऋण उरतेच. उषेची वाट पाहणारे ऋषी त्यांना दिसले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र रात्रीची वाट पाहणारे हे लोक येतात. कितीतरी दिवसांनी चांदणी दिसली म्हणून एकमेकांना हाका मारून डेकवर बोलावणारे.

आणि चांदण्यांचे म्हणाल तर ही वाट साक्षात पुराणातून जाते. आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री दक्षिणेला, क्षितिजाच्या बऱ्यापैकी वर, एक ठळक तारा दिसतो. तो अगस्ती. विंध्य पर्वत गर्वाने वाढू लागला तेव्हा अगस्ती ऋषी त्याच्यापाशी गेले. तो नमस्काराला वाकला. "मी दक्षिणेकडून परत येईपर्यंत असाच राहा," असे सांगून ते निघाले आणि परत आलेच नाहीत. विंध्य अजून वाकलेला आहे. ही कथा आपण लहानपणी ऋषींच्या युक्तीची म्हणून ऐकतो. मोठेपणी मला ती दक्षिणेकडे जाऊन न परतणाऱ्या माणसाची गोष्ट वाटू लागली. नाशिककरांना तर अगस्ती परका नाही. वनवासात रामाला पंचवटीत राहायला जा म्हणून सुचवले ते त्यांनीच. अकोल्याला प्रवरेच्या काठी त्यांचा आश्रम दाखवतात.

तर हा अगस्ती नाशकाहून फार तर सतरा अंश वर येतो. बोट दक्षिणेकडे जाऊ लागली की तो चढत जातो आणि बावन्न-त्रेपन्न अक्षांशांवर अगदी डोक्यावर येतो. परतताना फेब्रुवारीच्या पहिल्या प्रहरी, आभाळ मोकळे असेल तर, खलाशाने मान पूर्ण मागे टाकावी, तेव्हा अगस्ती दिसावा. तिथून पुढे दर रात्री तो थोडा थोडा दक्षिणेला कलंडतो. त्याच्या मागोमाग उगवतो त्रिशंकू. याचीही कथा सांगायला नको. स्वर्गातून ढकललेला, पृथ्वीवर न पोचलेला, मधेच लोंबकळणारा. परतीच्या बोटीवरच्या माणसाला याहून चांगला सोबती कोणता मिळणार? आणि विषुववृत्त ओलांडून चार-पाच अंश वर आले की उत्तरेच्या क्षितिजावर, पाण्याला जवळजवळ टेकलेला, एक मंद तारा दिसू लागतो. तो ध्रुव. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलीला जो दाखवतात तो. दक्षिण गोलार्धात असेपर्यंत तो दिसतच नाही. गोव्याला तो पंधरा अंश वर असतो, नाशकाला वीस. ज्या गावी राहावे त्या गावाचा अक्षांश तेवढी ध्रुवाची उंची, हा भूगोलाचा नियम आपण शाळेत पाठ करून विसरलो. बोटीवर तो नियम म्हणजे घर किती जवळ आले याचे मोजमाप होते.

तारे दिसायला आभाळ लागते, आणि साठ ते चाळीस अक्षांशांच्या पट्ट्यात आभाळ क्वचितच मिळते. जगातला सर्वांत खवळलेला समुद्र तो हाच. कारण साधे आहे. पृथ्वीच्या बाकी सगळ्या समुद्रांत वाऱ्याला कुठे ना कुठे जमीन आडवी येते. दक्षिणेला साठ अक्षांशापाशी पृथ्वीभोवती पूर्ण फेरी मारली तरी डोंगर नाही, बेट नाही, काही नाही. पश्चिमेकडून सुटलेला वारा कुणालाही न अडता धावत राहतो आणि त्याच्याबरोबर लाटा. इंग्रज खलाशांनी चाळिशीला गर्जणारी, पन्नाशीला खवळलेली आणि साठीला किंचाळणारी अशी नावे दिली आहेत. (आपल्याकडे माणसाच्या वयालाही ही नावे शोभतील, पण तो विषय वेगळा.) दोन-तीन मजली घराएवढ्या लाटा इथे नवलाच्या नाहीत. त्यातून बर्फातून जाणाऱ्या बोटींचा तळ गोलसर असतो. बर्फाच्या पकडीत तो सोयीचा, पण मोकळ्या समुद्रात अशी बोट पाळण्यासारखी डोलते. जाताना पोटात सामान असते, इंधन असते. येताना ते उतरलेले, जळलेले. बोट हलकी झालेली. ज्यांना जाताना बोट लागली नव्हती त्यांनाही येताना लागते म्हणतात. ताटाला कड असलेली टेबले, ओला कपडा टाकून त्यावर ठेवलेले पेले, स्वतःला पट्ट्याने बिछान्याला बांधून घेणे, हे सगळे तिथे घरगुती शिस्तीत मोडते.

मग एका दिवसात हवा बदलते. पन्नास ते साठ अक्षांशांच्या दरम्यान एक अदृश्य वेस आहे. तिथे ध्रुवाकडचे थंड पाणी उत्तरेच्या कोमट पाण्याखाली बुडते. काही मैलांत समुद्राचे तापमान दोन-तीन अंशांनी चढते, धुके पडते, पाण्यातले जीव बदलतात, वर उडणारे पक्षी बदलतात. बर्फाजवळ समुद्राचे पाणी शून्याखाली पावणेदोन अंशांपर्यंत उतरते, कारण खारे पाणी शून्यावर गोठत नाही. फेब्रुवारीत गोव्याजवळ तेच पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे. आमच्याकडे निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रात चौकट येते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. या मंडळींच्या अंगावरून महिन्याभरात तीस अंशांचा फरक जातो. लोकरीचे कपडे एकेक करून ट्रंकेत जातात. शेवटच्या आठवड्यात माणसे बनियनवर घाम पुसत फिरत असतील आणि त्यांच्याच पेट्यांत बर्फाचे, खडकांचे नमुने जपून ठेवलेले असतील.

या वाटेच्या कडेला मॉरिशस आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आहेत. अजून गणपती बसवतात. बर्फाकडून येणाऱ्याला पहिली मराठी वस्ती लागते ती कोकणात नव्हे, तिथे.

परतीच्या बोटी म्हटल्यावर जगातल्या दोन बोटींची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. दोन्ही एकाच शर्यतीतल्या. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला आणि त्याची 'फ्राम' ७ मार्च १९१२ रोजी टास्मानियातील होबार्ट बंदरात आली. ध्रुव जिंकून आलेला हा माणूस एकटाच किनाऱ्यावर उतरला. खलाशांना उतरायची बंदी. अंगावर जुनी टोपी आणि जाड गंजीफ्रॉक. हॉटेलवाल्याने त्याला कुणी भटक्या समजून एक सामान्य खोली दिली. बातमी आधी भावाला, मग राजाला, मग वर्तमानपत्राला, असा क्रम ठरला होता आणि तोवर गुप्तता पाळायची होती. जगातली सर्वांत मोठी बातमी खिशात घालून माणूस मुकाट जेवतो आहे, हे चित्र मला त्या ध्रुवावरच्या झेंड्याहून जास्त दिसते.

दुसरी बोट स्कॉटची, 'टेरा नोव्हा'. स्कॉट आणि त्याचे चार सोबती ध्रुवावरून परत येताना मेले. मार्च १९१२ च्या अखेरीस सगळे संपले होते. पण जगाला ते ठाऊक नव्हते. प्रेते सापडली नोव्हेंबरात, आणि त्यांना आणायला गेलेली बोट न्यूझीलंडच्या ओमारू या लहानशा बंदरापाशी आली ती १० फेब्रुवारी १९१३ च्या पहाटेपूर्वी, अंधारात. दोन अधिकारी होडीतून उतरले, तार करण्यापुरते. बोट दिवे न ओळखवता पुन्हा समुद्रात गेली आणि बातमी लंडनला पोचेपर्यंत बाहेरच घुटमळत राहिली. किनाऱ्यावर कुणी विचारले तर सांगायचे नाही, असा हुकूम. स्कॉटची पत्नी कॅथलीन त्या वेळी नवऱ्याला भेटायला म्हणून न्यूझीलंडकडे निघालेली, पॅसिफिकमधल्या बोटीवर होती. तिला बिनतारी संदेशाने कळले ते १९ फेब्रुवारीला. म्हणजे साऱ्या लंडनला कळून आठवडा झाला होता आणि ती मात्र नवऱ्याच्या स्वागताचे दिवस मोजत होती.

आपल्या मोहिमांवर असा दैवाचा घाला पडलाच नाही असे नाही. १९९० च्या जानेवारीत नवव्या मोहिमेतील चार सदस्य तंबूत विषारी वायूने गुदमरून मरण पावले. त्या वर्षी परतीच्या बोटीवर बाकीच्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसताना काय केले असेल, कोण जाणे. अहवालात अशा गोष्टी येत नाहीत, आणि येऊही नयेत.

पण मला सर्वांत विचारात पाडणारी परत आहे ती बारा जणांची. तिसरी मोहीम ३ डिसेंबर १९८३ रोजी 'फिनपोलारिस' या फिनलंडच्या बोटीने गोव्याहून निघाली. नेते डॉ. हर्ष गुप्ता, सदस्य एक्याऐंशी. या मोहिमेने बर्फावर पहिले कायमचे भारतीय ठाणे उभारले, 'दक्षिण गंगोत्री'. (गोदावरीला दक्षिणगंगा म्हणणाऱ्या आम्हां नाशिककरांना हे नाव प्रथम ऐकताना ब्रह्मगिरीच आठवतो. पण ठीक आहे, गंगेला किती उगम असावेत यावर कुणाची मालकी नाही.) मार्च १९८४ मध्ये बोट परतली तेव्हा बारा जणांना मागे ठेवून आली. लेफ्टनंट कर्नल सत्य शर्मांच्या नेतृत्वाखाली ते सबंध हिवाळा तिथे राहिले. दक्षिण ध्रुवखंडावर भारतीय तुकडीने काढलेला तो पहिला हिवाळा. दोन महिने सूर्य नाही, बाहेर वादळ, आत बारा चेहरे. त्याआधीच्याच वर्षी, २१ जुलै १९८३ रोजी, याच खंडावर रशियाच्या व्होस्तोक ठाण्यात शून्याखाली ८९.२ अंश तापमान नोंदले गेले होते. ठाणी एकमेकांपासून फार दूर, हवामान वेगळे. तरी शेजार कसला हे त्यावरून कळावे.

हे बारा जण घरी आले ते पुढच्या, चौथ्या मोहिमेच्या बोटीने, १९८५ मध्ये. मधल्या काळात इकडे काय झाले होते? राकेश शर्मा अवकाशात जाऊन आला होता. दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या झाली होती. ज्यांच्या आग्रहाने या मोहिमा सुरू झाल्या त्याच इंदिरा गांधी. पाठोपाठ दंगे झाले होते. भोपाळला एका रात्रीत हजारो माणसे विषारी वायूने तडफडली होती. निवडणूक होऊन नवे सरकार आले होते. बिनतारी यंत्रावर बातम्या कळतात, नाही असे नाही. पण बातमी कळणे आणि ती घडून गेलेल्या गावात राहणे यांत अंतर आहे. आपण सगळे त्या वर्षातून एकेक दिवस चालत आलो; त्यांना ते सबंध वर्ष एकदम धक्क्यावर उतरून स्वीकारायचे होते. माझ्या मते त्यांना जी काय तयारी करता आली ती त्या परतीच्या बोटीवर.

अतिशयोक्ती नाही. ध्रुवप्रदेशात हिवाळा काढलेल्या माणसांचा डॉक्टरांनी अभ्यास केला आहे. झोप बिघडते, चिडचिड वाढते, बोलता बोलता शब्द आठवत नाही, एखादा भिंतीकडे टक लावून बसून राहतो. गमतीची गोष्ट म्हणजे तिथे सर्दी होत नाही. बारा जणांजवळच्या सगळ्या सर्द्या महिन्या-दीड महिन्यात वाटून संपतात आणि बाहेरून नवीन येत नाही. नवी बोट आली, नवी माणसे आली, की सगळे शिंकू लागतात. परत आलेल्याचे पहिले स्वागत पडसे करते.

त्याच तिसऱ्या मोहिमेत पहिल्यांदा दोन स्त्रिया गेल्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदितीबाई आपल्या नागपूरच्या. पुणे विद्यापीठात पदवी घेतली, पुढे हवाई आणि लंडन इथे शिकल्या आणि गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. समुद्रातले सूक्ष्म जीव, त्यांच्यावर जगणारे क्रिल, क्रिलवर जगणारे देवमासे, असा त्यांचा विषय. म्हणजे ज्यांचे काम बर्फावर कमी आणि पाण्यात जास्त. सेनगुप्ताबाईंना खडक हवेत, त्यांना जमीन लागते. अदितीबाईंची प्रयोगशाळा बोटीखालीच पसरलेली. अशा माणसाला परतीचा प्रवास रिकामा कसा असेल? मला हे फार आवडले. घरी यायची वाट हाच ज्याच्या कामाचा भाग, त्याला घड्याळाकडे बघावे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन अमेरिकेहून निघाल्या त्या १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईला पोचल्या. आजारी, थकलेल्या, तीन-साडेतीन महिन्यांत गेल्या. त्या काळी समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यायला लावत. प्रथा दुष्ट होती, गेली ते उत्तम झाले. मात्र परत आलेला माणूस गेला होता तोच नाही, त्याला घरात पुन्हा घ्यावे लागते, एवढे जुन्या लोकांना उमगले होते. फक्त त्यावर त्यांनी काढलेला उपाय भयंकर होता.

माझे एक मामा व्यापारी बोटीवर होते. आठ-आठ, दहा-दहा महिने बाहेर. आले की नाशिक रोडला उतरायला आम्ही सगळी भाचरे जात असू. चॉकलेटे, कॅसेटी, अत्तराच्या बाटल्या यांची दोन दिवस जत्रा. तिसऱ्या दिवसापासून मामा घरात पाहुण्यासारखे वावरत. "चहाचा डबा इथे का ठेवला?" असे विचारत. मामी म्हणे, "गणपतीपासून इथेच आहे." मुलाची इयत्ता चुकत. आजोबांच्या औषधाची वेळ मामीला ठाऊक, मुलीचा हट्ट मामीला ठाऊक, बँकेतला कारकून मामीला ओळखतो. घर त्यांच्यावाचून चालायला शिकलेले. भांडण नव्हते. पण जागा बुजली होती, ती पुन्हा करावी लागे. मामा म्हणत, "बोट असली की बरे. एडन सोडले की मी नवरा व्हायला लागतो, मुंबई येईपर्यंत निम्मा होतो." पुढे पुढे कंपनी कुठल्या तरी परदेशी बंदरात त्यांना उतरवून विमानाने पाठवू लागली. ते दिवस मामींना जास्त जड गेले. काल रात्री इंजिनाशेजारी उभा असलेला माणूस आज सकाळी स्वयंपाकघरात उभा!

आता अंटार्क्टिकाचेही तसेच झाले आहे. दक्षिण गंगोत्री बर्फात गाडली जाऊ लागली म्हणून १९९० मध्ये ती सोडून दिली. त्याआधीच 'मैत्री' खडकावर उभी राहिली, आणि २०१२ मध्ये तिसरे ठाणे 'भारती' सुरू झाले. मोहिमांचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. पण माणसांच्या बोटी गोव्याहून निघायचे दिवस मागे पडले. या शतकाच्या आरंभापासून दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनहून मैत्रीजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर विमाने उतरतात. बोट अजून जाते. इंधन, धान्य, यंत्रे आणि काही माणसे घेऊन. पण वर्षभर बर्फावर काढलेला माणूस आता पाच-सहा तासांत केपटाउनच्या झाडांखाली उभा राहू शकतो आणि मनात आणले तर आणखी दीड दिवसात नाशिकला. आजारी पडलेल्याला हे विमान म्हणजे जीवदान आहे, यात वाद नाही. साठीच्या किंचाळ्या ऐकत महिनाभर ओकाऱ्या काढणे हे काही व्रत नव्हे, आणि ते संपले म्हणून गळा काढणारे बहुधा कधी बोटीत बसलेले नसतात.

दिवाळीच्या निमित्ताने पुष्पक विमानाची आठवण येणे साहजिक आहे. रामानेही जाताना चौदा वर्षे पायी काढली आणि येताना विमानाने आला. पण कालिदासाने 'रघुवंशा'चा तेरावा सर्ग जवळजवळ सगळा त्या परतीच्या प्रवासालाच दिला आहे. खाली समुद्र दिसतो, तेव्हा राम सीतेला समुद्र दाखवतो. मग जनस्थान, मग गोदावरी, मग आमची पंचवटी, जिथे जे जे घडले ते दोघे वरून बघत जातात. विमान वेगवान होते. पण महाकवीने ते मुद्दाम हळू चालवले आहे. घाई केली असती तर अयोध्येला पोचणाऱ्या माणसाला वाटेत घडलेले काहीच सांगता आले नसते. आणि भरत तर नंदिग्रामात पादुका घेऊन बसला होता, त्यालाही पादुका परत द्यायला थोडा अवधी हवाच होता.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अजून जुन्या वेगाने चालते, ती म्हणजे टपाल. दक्षिण गंगोत्रीवर १९८४ मध्ये भारतीय टपाल कार्यालय उघडले. ते पुढे गोव्याच्या टपाल विभागाला जोडले गेले. मग मैत्रीवर, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतीवर. भारतीच्या कार्यालयाला मिळालेला पिन आहे एमएच-१७१८. गोवे टपालखात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात मोडते, म्हणून ही अक्षरे महाराष्ट्राची. ध्रुवखंडावरचा बर्फ टपालखात्याच्या लेखी आपल्या शेजारच्या तालुक्यासारखा! पत्रे वर्षातून एकदा, मोहिमेबरोबर जातात आणि शिक्का मारून घेऊन परत येतात. त्यामुळे असे होऊ शकते की, माणूस विमानाने घरी पोचतो, पडसे भोगून बरा होतो, चहाचा डबा कुठे असतो ते त्याला पाठ होते, आणि मग एके दुपारी पोस्टमन त्याच्याच हातचे पाकीट दारात देऊन जातो. आत लिहिलेले असते की इकडे अजून उजाडलेले नाही, तुम्हां सगळ्यांची फार आठवण येते. आणि ते वाचायला तो स्वतःच खुर्चीत बसलेला असतो.